निळ्या लोकरीनं बांधलेलं पान

मित्रांनो, मी जुनी झालेय हे वेगळं सांगायला नको. मला उघडताच जो वास आला, त्यावरून तुम्हाला ते कळलंच असेल. मी एक कादंबरी आहे. माझ्या पुठ्ठ्याचे कोपरे झिजलेत, कण्याला दोनदा डिंक लागलाय आणि सत्तेचाळिसाव्या पानावर कुणाच्या तरी चहाच्या कपाचा गोल डाग आहे. ज्यांनी मला वाचलं त्यांची कित्येक वर्षं माझ्याबद्दल एकच तक्रार होती. तीनशे अकरा पानं डोळ्यांची वाट लावून वाचावीत, आणि तीनशे बारावं पान कोरं! हा काय चावटपणा, असं म्हणून काहींनी मला टेबलावर आपटलंसुद्धा. पण आपटण्याआधी ज्यांचा हात त्या कोऱ्या पानावर पडला, ते गप्प झाले. ते पान ऊबदार लागायचं. कान जवळ नेला तर त्याच्या मागे कुणीतरी श्वास घेतंय असं वाटायचं.

घाबरू नका, आपण तिथपर्यंत येऊच. आधी माझा जन्म सांगते.

मला लिहिलं एका म्हाताऱ्या मास्तरांनी. शाळेत तीस वर्षं गणित शिकवलेला माणूस गोष्ट लिहितोय म्हटल्यावर गल्लीत चेष्टा झाली. नायक नक्की एका टाकीत पाणी भरत असेल आणि दुसरीकडून ते गळत असेल, असं लोक म्हणाले. मास्तरांनी ते मनावर घेतलं नाही. माझ्यातली गोष्ट अशी आहे. एका नदीच्या दोन काठांवर दोन गावं आहेत. अलीकडे जितकी माणसं तितकीच पलीकडे, आणि प्रत्येकाचा चेहरा पलीकडच्या कुणाचा तरी हुबेहूब. हे फक्त नावाड्याला ठाऊक असतं, कारण दोन्हीकडे जाणारा तोच एक. बाकीच्यांनी पलीकडच्यांना कधी पाहिलेलं नसतं, तरी ते लबाड आहेत आणि निर्दय आहेत याबद्दल कुणाला शंका नसते. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हा न्याय दोन्ही काठांवर सारखाच चालतो. मग एक दिवस एक दगड येतो. तो आधी कुठल्या काठावरून आला, यावर माझी साठ पानं खर्ची पडली आहेत आणि उत्तर मिळत नाही. दगडाला दगड जातो, नाव बुडते, आणि शेवटी नावाडीसुद्धा दगड उचलून काठावर येतो. समोरच्या काठावर त्याच्याच चेहऱ्याचा माणूस दगड घेऊन उभा असतो. इथे तीनशे अकरावं पान संपतं.

पुढे काय होतं हे मास्तरांना सात महिने ठरवता येत नव्हतं.

तोवर माझी बाकीची पानं छापून झाली होती. छापखाना एका इमारतीच्या तळघरात होता. त्याची एकुलती एक खिडकी रस्त्याच्या पातळीवर होती, त्यामुळे आत बसलेल्यांना माणसं दिसत नसत, नुसते पाय दिसत. तिथे खिळे जुळवायला एक बाई होती, तिला सगळे मावशी म्हणत. शिशाचा एकेक खिळा म्हणजे एकेक अक्षर, तेही उलटं, आरशात दिसावं तसं. तिच्यासमोर लाकडी खणांची मोठी पेटी असायची. डोळे कागदावर आणि हात खणांत, असं ती दिवसभर करायची, आणि बोटं कधी चुकायची नाहीत. मात्र जुळवलेलं ती वाचत नसे. हा तिच्या वडिलांनी घालून दिलेला नियम होता. "अक्षर डोळ्यानं घ्यायचं, हातानं ठेवायचं, मध्ये डोकं घालायचं नाही," असं ते म्हणत. "वाचणारा जुळारी कागदावर नसलेलंही जुळवतो." तिनं तो गाठीशी बांधून ठेवला होता. मला तीनशे अकरा पानं अक्षर-अक्षर हाताळूनही माझ्यात नदी आहे हे तिला माहीत नव्हतं.

मावशीला एक मुलगा होता. तो खिळ्यांशी खेळत मोठा झाला, त्यामुळे त्याला उलटी अक्षरं आधी वाचता आली आणि सुलटी नंतर. शाळेत पाटीवर तो सगळं उलटं लिहायचा. त्याला सुलटं लिहायला याच मास्तरांनी शिकवलं, आणि ते सोपं गेलं नाही असं मास्तर सांगत.

मग लढाई आली. ती आम्हाला खिडकीतून कळली. आधी चपला होत्या, बूट होते, उंच टाचा होत्या. हळूहळू सगळ्यांचे बूट एकसारखे झाले आणि सगळे एकाच दिशेला जायला लागले. त्यात एक दिवस मावशीच्या मुलाचे पाय होते. ते खिडकीपाशी क्षणभर थांबले आणि पुढे गेले. मावशी हातातली ओळ पुरी करून उठली, तोवर रस्ता रिकामा झाला होता.

हळूहळू बाजारात काही मिळेनासं झालं, साधी सुतळीसुद्धा. जुळवलेलं पान विस्कटू नये म्हणून चारी बाजूंनी घट्ट बांधावं लागतं. मावशीनं मुलाचा लहानपणचा निळा स्वेटर उसवला आणि त्याच्या लोकरीनं पानं बांधायला सुरुवात केली. गाठ मात्र तिची तीच, दोन वेढे आणि टोक आत खोचलेलं.

एका सकाळी मास्तर आले. त्यांच्या हातात एकच कागद होता.

"झालं एकदाचं," ते म्हणाले. "आता यात काना-मात्रा बदलायची नाही."

"बसा, पाणी घ्या," मावशी म्हणाली. "धाप लागलीय तुम्हाला."

"वाचणार नाहीस ना, एवढं शेवटचं पान आहे तरी?"

"पुस्तक होऊ दे. मग चार लोकांसारखी हातात घेऊन वाचीन."

मास्तर हसले, घरी गेले, जेवले आणि दुपारी जरा आडवे झाले. ते उठले नाहीत.

मावशीला ते कळलं तेव्हा पान जुळवून झालं होतं. तिनं ते निळ्या लोकरीनं बांधलं, मास्तरांचा कागद त्याच्याभोवती गुंडाळला आणि पुडकं दगडी टेबलाखाली सरकवून ठेवलं. पहिलं मुद्रित, म्हणजे तपासायचा छाप, निघेपर्यंत मूळ कागद असा पानाभोवतीच ठेवायचा, ही त्या छापखान्याची पद्धत होती. मुद्रित सकाळी काढायचं होतं.

सकाळी गाडी आली. वर्दीतल्या माणसांनी सांगितलं की लढाईसाठी शहरातलं सगळं शिसं हवंय. त्यांनी पेट्या पालथ्या केल्या. अक्षरं पोत्यांत पडली, डाळ ओतल्यासारखा आवाज झाला. मालक भिंतीकडे तोंड करून उभे होते. टेबलाखालचं पुडकं कुणालाच दिसलं नाही. गाडी निघाली, कोपऱ्यापर्यंत गेली. मावशी दारात उभी होती. मग ती आत आली, पुडकं घेतलं आणि धावत सुटली.

"हे राहिलं," ती गाडीवानाला म्हणाली.

"काय आहे?"

"शिसंच आहे. माझा मुलगा आहे तिकडे. तिकडे कमी पडायला नको."

त्यानं पुडकं मागे पोत्यांवर भिरकावलं. मी फळीवर सुट्या पानांची चळत होऊन पडले होते आणि तिथून हे पाहत होते. मला राग आला का? आला तर. माझा शेवट जात होता. पण मित्रांनो, ज्याचं जळतं त्यालाच कळतं. तिच्या जागी मी असते तर मी माझी बाकीची पानंही दिली असती.

त्या हिवाळ्यात माझ्या सगळ्या प्रती चुलीत गेल्या. मावशीनं एक संच तेवढा वाचवला आणि स्वतः शिवायला घेतला. आपण काय देऊन बसलो ते तिला आता उमगत होतं, म्हणून तिनं शेवटी एक कोरं पान घातलं, राहिलेल्यासाठी जागा ठेवावी तसं. त्या दिवशी ऊन होतं, सकाळचे दहा-अकरा वाजले असतील. सुई कोऱ्या पानातून आरपार जात असताना ते पान एकदम तापलं. मावशीनं बोट झटकलं. शेगडी विझलेली होती. तिनं पान गालाला लावून पाहिलं, मग कानाला. पुढचे टाके तिनं न बघता घातले, म्हणून माझी शेवटची शिवण वाकडी आहे.

लढाई संपली तीही खिडकीतूनच कळली. एकसारखे बूट कमी झाले आणि परत येताना काही ठिकाणी दोनाऐवजी एकच आला. मावशीचा मुलगा दोन्ही पायांवर परत आला. तिला वाटलं, देवानं आपलं ऐकलं.

पण तो परत आला आणि आला नाही, असं काहीसं होतं. छापखान्यात नवे खिळे आले, तो त्यांना हात लावेना. कागद कापायचा, गठ्ठे बांधायचा, यंत्राला तेल घालायचा. फरशीवर एखादा खिळा पडला असेल तर त्याला ओलांडून जायचा, जसं काही तिथे कुणी झोपलेलं आहे. दोघं समोरासमोर बसून जेवत आणि मिठाबद्दल बोलत. मावशीला त्याच्याकडून एक सबंध वाक्य हवं होतं, दुसरं काही नको होतं. ती विचारत मात्र नव्हती. मला गल्लीतले लोक वाचायला नेत, कोऱ्या पानावर हात ठेवून गप्प होत आणि परत आणून देत. मुलानं मला एकदाही उघडलं नाही. मी ज्या फळीवर असे, तिकडे तो पाठ करून उभा राही.

तीन वर्षांनी एका सकाळी खिडकीत एक बूट दिसला, मग काठीचं टोक, मग दुसरा बूट फरफटत. दारातून एक माणूस आत आला. मुलाच्याच वयाचा असेल. त्याचं बोलणं आमच्यासारखंच होतं, पण लढाईत तो पलीकडच्या बाजूचा होता हे त्याच्या कोटाच्या शिवणीवरून कळत होतं.

"इथे जुने खिळे ओळखणारं कुणी आहे का?" त्यानं विचारलं. "चार छापखाने फिरलो."

मावशीनं चष्मा लावला. पाहुण्यानं खिशातून कागदाची पुडी काढून टेबलावर उघडली. आत आठ खिळे होते, काळे पडलेले, आणि त्यांच्यात अडकलेला निळ्या लोकरीचा बोटभर तुकडा.

"माझ्या मांडीतून निघालेत," तो म्हणाला. "डॉक्टर म्हणाले, असले छर्रे कधी पाहिले नाहीत. अक्षरं आहेत म्हणून मी जपून ठेवले."

मावशीनं लोकरीचा तुकडा हातात घेतला आणि खाली बसली.

"हसू नका," पाहुणा म्हणाला, "पण हे आत होते तोवर मला रोज एकच स्वप्न पडायचं. नदीच्या काठावर एक माणूस दगड घेऊन उभा आहे. तो मारणार की नाही, ते कळायच्या आत जाग यायची. दवाखान्यात माझ्या शेजारच्या खाटेवर एक होता, त्याच्या खांद्यात तीन खिळे. त्याला दुसरा काठ दिसायचा. त्या काठावरही एक माणूस. आम्ही दोघं सकाळी एकमेकांना विचारायचो, मारला का? तो गेला बिचारा. मला फक्त शेवट कळायला हवाय, बाई. खिळे काढले तरी स्वप्न जात नाही."

"हे पान मी जुळवलंय," मावशी म्हणाली.

"मग सांगा ना."

"मी वाचलं नाही."

"म्हणजे माझ्या मांडीत काय होतं ते तुम्हालाही माहीत नाही?"

मास्तर गेले, कागद गेला, आणि त्या पानाला हात लावलेली मावशी एकटी उरली होती. आयुष्यभर जे वळण तिनं अभिमानानं पाळलं, त्याची तिला त्या क्षणी लाज वाटली.

कागद कापायच्या यंत्रापाशी आवाज थांबला होता.

"तुम्ही कुठे होतात?" मुलानं तिथूनच विचारलं.

"पाणचक्कीपाशी. खाली, ओढ्यात."

"मी वर होतो. टेकडीवर."

पाहुण्यानं काठी मुठीत आवळली. मुलगा टेबलापाशी आला आणि आईकडे न बघता बोलायला लागला.

"हिवाळ्यातली सकाळ होती, दहा-अकराची वेळ, ऊन पडलेलं. गोळे संपले होते. जे येईल ते तोफेत भरा, असा हुकूम होता. पोत्यात हे पुडकं आलं. वरचा कागद एकानं सिगारेट पेटवायला फाडला. लोकर बघितली, गाठ बघितली. आईची गाठ आहे, हे मला आंधळा असतो तरी कळलं असतं. पान अख्खं होतं. मी वाचलं. पहिल्या ओळीपासून, सगळं."

"आणि?" पाहुणा म्हणाला.

"आणि भरलं."

खिडकीतून उड्या मारत जाणाऱ्या एका लहान मुलाचे पाय दिसले.

"पुडकं त्यांना दिसलं नव्हतं," मावशी म्हणाली. "मी नेऊन दिलं."

"माहीत आहे, आई. हिसकावून नेलेलं पुडकं इतकं नीट बांधलेलं नसतं."

"कशी होती गोष्ट?" पाहुण्यानं विचारलं.

"चांगली होती. म्हणूनच कुणाला सांगता आली नाही."

पाहुणा काठीकडे बघत होता. "तोफ डागणारा भेटला तर त्याच्या डोक्यात ही काठी घालायची, असं मी तीन वर्षं ठरवत होतो," तो म्हणाला.

"मग?"

"आधी शेवट कळू दे."

मुलानं स्टूल ओढलं आणि खणांच्या पेटीसमोर बसला. लढाईनंतर पहिल्यांदा त्यानं खिळ्याला हात लावला. बोटं आधी खण शोधत होती, नंतर सरावली. एकेक ओळ त्याला पाठ होती. जिथे पाहुण्याच्या आठ अक्षरांपैकी एखादं यायचं, तिथे तो नुसता हात पुढे करायचा आणि पाहुणा तो काळा खिळा त्याच्या तळव्यावर ठेवायचा. सगळ्यात शेवटी मुलगा उठला, आपल्या ट्रंकेतून दाढीच्या साबणाची डबी घेऊन आला. तिच्यात खिळ्यांची एक ओळ होती, लोकरीनं बांधलेली.

"एवढीच काढून घेतली," तो म्हणाला. "तोफेत घालवेना."

मावशीनं मला फळीवरून उतरवलं, तीनशे बारावं पान उघडून शाई लावलेल्या खिळ्यांवर ठेवलं आणि दांडा ओढला. मी किती वर्षं ज्याची वाट पाहत होते, ते अंगावर उमटलं. दुखलं थोडंसं. मग मावशीनं मला उजेडात धरलं आणि जन्मात पहिल्यांदा, आपण जुळवलं होतं ते पान वाचलं, मोठ्यानं, एकेक शब्दावर बोट ठेवत:

"नावाड्यानं दगड उगारला. पलीकडच्यानंही उगारला. दोघांनाही तो खाली ठेवायचा होता, हात भरून आले होते. पण दोघंही वाट पाहत होते, की आधी त्यानं ठेवावा. पाणी चढलं आणि उतरलं. मागची गावं झोपली, उठली, म्हातारी झाली. दोघं तसेच उभे राहिले. दोघांनाही धाप लागली होती, आणि रात्री शांत असल्या की ती ऐकू येई."

इथे ती थांबली. पानामागे इतकी वर्षं कुणाचा श्वास होता, ते तिघांनाही एकदमच कळलं. मग तिनं डबीतली ओळ वाचली.

"वाचणाऱ्या, तुझ्या हातात काय आहे?"

मावशीच्या हातात मी होते. मुलाच्या हातांना शाई होती. पाहुण्यानं आपल्या मुठीकडे पाहिलं, आणि काठी भिंतीला टेकवून ठेवली. तिच्याशिवाय त्याला उभं राहता येत नव्हतं, हे तो विसरला होता. तो कलला. मुलानं त्याचं कोपर धरलं.

"बसा इथे दोघंही," मावशी म्हणाली. "हात धुवा आधी. मी चहा टाकते."

त्या दिवशी जेवताना मुलगा पुष्कळ बोलला. सगळं ऐकण्यासारखं नव्हतं. मावशीनं ते ऐकलं.

खिळ्यांचं ते पान अजून छापखान्यात निळ्या लोकरीनं बांधून ठेवलेलं आहे. वर्षा-दोन वर्षांनी कुणीतरी येतं, पुडी उघडतं. एखादा काळा खिळा असतो. मुलगा पानातला त्या अक्षराचा नवा खिळा काढतो आणि जुना जागेवर बसवतो. सगळे खिळे परत येणार नाहीत. पुष्कळसे ज्यांच्या अंगात आहेत, ती माणसं मातीत आहेत. रोज कुणीतरी तिथे पडून तो काठ बघत असेल, असं मला अधूनमधून वाटतं, आणि मग माझी पानं वारा नसताना हलतात.

मित्रांनो, आमच्यासारख्या जुन्या वस्तूंनी शेवटी उपदेश करायचा असतो. मला धूळ लागू देऊ नका, पानांचे कान दुमडू नका, वाळवीपासून जपा, हे तुम्हाला शाळेत सांगितलेलंच आहे. त्यातलं एखादं राहिलं तर मी रागावणार नाही. माझं मागणं लहान आहे. तीनशे बारावं पान आता कोरं नाही, पण ऊबदार अजून आहे. त्यावर कान ठेवा. दोघांची धाप ऐकू येईल, अलीकडची आणि पलीकडची, आणि कुठली कुठली ते तुम्हाला ओळखता येणार नाही. मग मला हळूच मिटा, आणि उठण्याआधी एकदा आपल्या हाताकडे बघा.

त्यात काही असलं, तर आधी तुम्ही खाली ठेवा. ते दोघं बघताहेत.